नकाशा रंगवण्याआधी

पळस्प्याच्या जमिनीत कोळसा नाही. खाली काळा पाषाण आणि वर डंपरची धूळ. पनवेल तालुक्यातल्या दगडखाणी डोंगर खाऊन खडी देतात, वायू देत नाहीत. तरी बंद पडलेल्या कोळसा खाणींमधून निघणाऱ्या वायूवर मी ऐकलेला सर्वांत कसदार वाद इथेच झाला. गोव्याचा रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून जिथे फुटतो, त्या फाट्याभोवती आता इतक्या इमारती उठल्या आहेत की महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याचा निवृत्त माणूस इथे मुलाच्या फ्लॅटमध्ये सापडतो. आमच्या मजल्यावरचे मामा तसेच आले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भूमिगत खाणींत ते व्हेंटिलेशन ऑफिसर होते. त्यांची भाची बेलापूरला जीआयएसचं काम करते आणि नोकरी सांभाळून एम.टेक.चा प्रबंध लिहिते आहे. विषय असा : वर्धा खोऱ्यातल्या बंद भूमिगत खाणींतून कुठे आणि किती वायू बाहेर पडत असेल, याचं अवकाशीय प्रारूप. सोप्या भाषेत, नकाशा घ्यायचा आणि अंदाजानुसार रंगवायचा.

तो नकाशा तिनं मामांसमोर लॅपटॉपवर उघडला आणि वाद सुरू झाला. मला समजलं तेवढं आणि पटलं तेवढं पुढे देतो.

मामा : हा लाल डाग कुठला?

भाची : घुग्घुसकडचा. लाल म्हणजे वायू जास्त. पिवळा मध्यम, हिरवा कमी.

मामा : कशावरून जास्त?

भाची : बोअरहोलच्या नोंदींवरून. टनभर कोळशात किती वायू धरलेला आहे, याच्या काही नोंदी छापील अहवालांत मिळतात. त्या ठिपक्यांच्या मधल्या जागेत आजूबाजूच्या नोंदींवरून अंदाज काढायचा. जवळच्या नोंदीला वजन जास्त, लांबच्या नोंदीला कमी. क्रिगिंग म्हणतात त्याला.

मामा : ठाऊक आहे मला. क्रीगे आमच्यातलाच. खाणवाला होता तो.

हे खरं आहे. डॅनी क्रीगे हे दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंते. विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत मोजक्या नमुन्यांवरून अख्ख्या पट्ट्यात सोनं किती असेल, हे काढायची रीत त्यांनी १९५१ च्या आपल्या प्रबंधात मांडली. पुढे जॉर्ज मातेरॉन या फ्रेंच गणितज्ञानं तिला पक्कं गणिती रूप दिलं आणि क्रीगेंचं नावही. आज पावसाच्या नकाशापासून भूजलापर्यंत सगळीकडे ही रीत वापरतात. तेव्हा भाचीनं ती वापरली यात वावगं काही नव्हतं. मामांचा आक्षेप वेगळाच निघाला.

मामा : क्रीगेचं सोनं दगडात बसलेलं होतं. ते काही उठून जात नाही. वायू चालतो नं, पोरी. आणि चालतो तो गॅलरीतून. तुझ्या दोन बोअरहोलच्या मधून सरळ रेघ मारून नाही जात तो.

भाची : पण कोळशात मुळात किती वायू आहे हे तर जागेवरच ठरतं.

मामा : मुळात किती आहे आणि बाहेर कुठून येतो, हे दोन वेगळे प्रश्न झाले. तुझा नकाशा पहिल्याचं उत्तर देतो आणि दुसऱ्याचं दिल्यासारखा दिसतो. म्हणून मला त्याची भीती वाटून राहिली.

मग त्यांनी कागद घेतला. बोर्ड अँड पिलरची खाण त्यांनी अशी काढली : आडव्या-उभ्या गॅलऱ्यांची जाळी, मध्ये कोळशाचे चौकोनी खांब. गॅलरीची रुंदी नियमानं ४.८ मीटरच्या वर न्यायची नाही, उंची तीन मीटरच्या. खांब किती मोठे ठेवायचे, हे खोलीवर. खोदून पुढे जाताना खांब ठेवायचे आणि शेवटाला पोचलं की मागे येता येता तेच खांब काढायचे. त्याला डिपिलरिंग म्हणतात. खांब काढलेली जागा म्हणजे गोफ, तिथे छत कोसळू द्यायचं. त्या पडझडीनं वरच्या दगडाला भेगा पडतात. काही जमिनीपर्यंत येतात, काही मध्येच विरतात. कोळशाचा थर सपाट नसतो, एका बाजूला उतरता असतो. त्यामुळे खाणीचं खालचं टोक आणि वरचं टोक वेगळं. वरच्या टोकाशी बहुधा इनक्लाईनचं तोंड असतं, तिरप्या बोगद्याचं, आणि त्याच तोंडाच्या आसऱ्यानं वस्ती वाढते.

मामा : आता पंप बंद कर. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर कामठीचा वालुकाश्म आहे, पाण्यानं भरलेला. पाणी खालच्या टोकाला साठायला लागतं. जितकं पाणी वर चढतं, तितका वायू वरच्या टोकाकडे ढकलला जातो. म्हणजे जिथे कोळसा खोल आणि वायू जास्त, तिथे पाण्यानं झाकण बसलं. जिथे कोळसा उथळ आणि तुझ्या नकाशात हिरवा, तिथून वायू बाहेर येणार. तुझा लाल आणि हिरवा उलटा झाला की नाही?

भाची गप्प बसली नाही, पण थोडा वेळ तिनं नकाशाकडे पाहिलं नाही. मला वाटतं, वादातला हा मुद्दा मामांनी जिंकला. ठिपक्यांमधून पसरलेला रंग दिसायला शास्त्रीय दिसतो, पण खाणीच्या बाबतीत अंतर मोजायचं ते गॅलरीच्या वाटेनं. भिंतीपलीकडची खाण पन्नास मीटरवर असेल, पण मधला बॅरियर शाबूत असेल तर ती वायूच्या हिशेबात दूरदेशी आहे. आणि दोन किलोमीटरवरची खाण जुन्या गॅलरीनं जोडलेली असेल तर ती शेजारीण. भाचीनं पुढे हे मान्य केलं, पण पडती बाजू घेऊन नव्हे.

भाची : मग मी क्रिगिंग सोडते आणि गॅलऱ्यांचं जाळं घालते. प्रत्येक गॅलरी म्हणजे नळी, प्रत्येक इनक्लाईन, शाफ्ट, भेग म्हणजे तोंड. पाण्याची पातळी दिली की कुठल्या नळ्या बुडाल्या ते कळेल. हे करता येतं, मामा. पण त्याला प्लॅन लागतात. तुमच्या कंपनीच्या कपाटातले प्लॅन.

मामा : माझी कंपनी नाही आता ती.

भाची : आणि प्लॅन मिळेपर्यंत काय करायचं? काहीच नाही? प्रत्येक बंद इनक्लाईनच्या तोंडावर माणूस बसवणार आहात का? कुठे आधी मोजायचं, हे ठरवायला तरी काहीतरी अंदाज लागतोच. प्रारूप म्हणजे उत्तर नव्हे. कुठे जाऊन विचारायचं, याची यादी आहे ती.

ही दुसरी बाजूही मला तितकीच पटली. मामांसारखी माणसं आयुष्यभर एका खाणीला मुठीत ठेवून जगलेली असतात. चाळीस खाणी एकदम पाहायच्या म्हटल्या की मूठ कामाची नाही, नकाशाच लागतो.

यानंतर बोलणं मिथेनवर आलं, आणि इथे दोघांचं भांडण मुळापासून वेगळं निघालं. भाचीला मिथेन हवा होता. मामांना त्याचं काही वाटत नव्हतं.

भाची : मिथेन हवेत साधारण बारा वर्षं राहतो, पण वीस वर्षांचा हिशेब केला तर कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२५ मध्ये पहिल्यांदा सोडून दिलेल्या कोळसा खाणींचा वेगळा आकडा मांडला, जगभरात वर्षाला सुमारे ५० लाख टन मिथेन. खाण बंद झाली म्हणून हिशेब बंद होत नाही.

मामा : जर्मनीत होत असेल. रूरच्या खाणी हजार-हजार मीटर खोल. तिथला बंद खाणीचा वायू ओढून वीज करतात, तसा कायदाच आहे त्यांचा २००० सालचा. आपल्या वर्धा खोऱ्यातल्या खाणी उथळ, बहुतेक डिग्री वन. माझ्या अख्ख्या नोकरीत मिथेननं मला जितकं घाबरवलं नाही, तितकं आगीनं घाबरवलं.

डिग्री वन म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. आपल्याकडे भूमिगत कोळसा खाणींचे वायूच्या प्रमाणावरून तीन वर्ग करतात. हवेत मिथेन ०.१ टक्क्याच्या आत आणि काढलेल्या टनामागे एक घनमीटरच्या आत असेल तर पहिला वर्ग. टनामागे एक ते दहा घनमीटर असेल तर दुसरा. दहाच्या वर तिसरा. झरियातल्या काही खाणी तिसऱ्यात मोडतात. वर्ग बदलला की दिव्यापासून यंत्रांपर्यंत सगळे नियम बदलतात. मामांच्या तोंडी ‘डिग्री वन’ हे शब्द हुश्श केल्यासारखे येतात.

भाचीनं नेमकं तिथेच बोट ठेवलं.

भाची : टनामागे म्हणजे कुठल्या टनामागे? काढलेल्या. खाण बंद झाली, कोळसा काढणं थांबलं, आता भागायचं कशानं? डिग्री वन ही चालू खाणीची पायरी आहे, मामा. चालू खाणीत पंखा दिवसरात्र हवा ओढत असतो, म्हणून टक्का कमी दिसतो. पंखा बंद केल्यावर तीच खाण पहिल्या वर्गात राहील, हे कुणी सांगितलं?

मामा हसले. हा प्रश्न त्यांना आवडला, हे दिसत होतं.

मामा : कुणी नाही सांगितलं. पण तिथेही तू मिथेनच शोधशील आणि मी दुसरंच शोधीन. आमच्या हातात सेफ्टी लॅम्प असायचा. छताशी नेला, वात बारीक केली आणि ज्योतीवर निळी टोपी आली की मिथेन. हलका असतो, छताला जाऊन बसतो. दिवा खाली नेला आणि ज्योत मलूल झाली की ब्लॅकडॅम्प. कोळसा हवेतला ऑक्सिजन खातो, मागे नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. जड असतो, खाली खड्ड्यात बसतो. वास नाही, रंग नाही. ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आला की दिवा विझतो, आणि माणूस त्या वेळी अजून उभा असतो. म्हणून तर तो दिवा कामाचा. बंद खाणीत पंधरा-वीस वर्षं कोळसा ऑक्सिजन खात बसला असेल तर आत काय उरलं असेल, सांग. ते बाहेर आलं तर वरच्या घराच्या तळघरात, विहिरीत, सांडपाण्याच्या खड्ड्यात भरणार. मिथेन पाहणाऱ्या उपग्रहाला ते दिसतं का?

भाची : नाही.

मामा : आणि कोळसा आतून तापला असेल तर वर कार्बन मोनॉक्साइड. वर्धा खोऱ्याचा कोळसा आपोआप तापतो, हवा थोडी लागली की पुरे. आम्ही सील केलेल्या भागातला वायू नळीनं ओढून तपासायचो. ऑक्सिजन किती घटला आणि त्या मानानं कार्बन मोनॉक्साइड किती वाढला, त्याचं गुणोत्तर काढायचं. ग्रॅहमचं गुणोत्तर. ते एकच्या वर चढायला लागलं की झोप उडायची आमची.

इथे मला मध्ये पडावंसं वाटतं. हवामानबदलाच्या चर्चेत मिथेनला जागा मिळते ती योग्यच आहे, पण खाणीच्या वर राहणाऱ्या माणसाचा प्रश्न जागतिक तापमानाचा नाही, श्वासाचा आहे. स्कॉटलंडमधल्या गोअरब्रिज गावात जुन्या खाणकामावर नगरपालिकेनं घरं बांधली. २०१३ मध्ये रहिवासी आजारी पडायला लागले. जमिनीखालून कार्बन डायऑक्साइड घरांत शिरत होता. शेवटी ६४ घरं पाडावी लागली. तिथे मिथेनचा प्रश्नच नव्हता. मिथेनचा कितीही बिनचूक नकाशा असता, तरी गोअरब्रिज त्यावर हिरवंच दिसलं असतं. आणि बंद जागेतला वायू काय करतो हे पाहायला स्कॉटलंडपर्यंत जायचीही गरज नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत शेणाच्या स्लरीनं भरलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला काढायला एकामागून एक माणसं उतरली, आणि पाच जण गेले. ती खाण नव्हती. पण एकामागून एक उतरण्याची रीत तीच.

भाचीनं मात्र इथे एक गोष्ट सांगितली जी मला पूर्वी माहीत नव्हती आणि मामांना पूर्ण माहीत होती.

भाची : वायू कुठला का असेना, तो कधी बाहेर येतो हे हवेच्या दाबावर ठरतं. बाहेरचा दाब उतरला की खाण श्वास सोडते, चढला की आत घेते. समजा आत दहा लाख घनमीटर पोकळी उरली आहे. दाब हजार मिलिबारवरून चारनं उतरला, तर पोकळीच्या हजारात चार भाग, म्हणजे चार हजार घनमीटर हवा बाहेर पडणार. आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. दिवसाचा हा चढउतार तीन-चार मिलिबारांचा असतोच.

मामा : आणि बंगालच्या उपसागरातून पावसाळी कमी दाबाचा पट्टा विदर्भावरून गेला की त्याहून जास्त. आम्ही बॅरोमीटर लटकवून ठेवायचो. दाब झपाट्यानं पडला की सीलपाशी कुणी जायचं नाही, असा दंडक होता.

भाची : आता गंमत पाहा. ज्या उपग्रहावर सगळे विसंबतात तो सेंटिनेल-५पी, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सोडलेला. तो आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या सुमारास जातो. दहा ते चार दाब उतरतच असतो, म्हणजे खाण श्वास सोडत असताना तो पाहतो. इथपर्यंत बरं. पण ढग असले की त्याला मिथेन दिसत नाही. खाण सगळ्यांत जास्त सोडते ती पावसाळी कमी दाबात, आणि नेमकं तेव्हाच त्याचे डोळे बंद. पहाटे चारलाही नाही. शिवाय त्याचा एक ठिपका साडेपाच बाय सात किलोमीटरचा. घुग्घुससारख्या भागात तेवढ्या चौकोनात बंद खाण, चालू ओपनकास्ट, कारखाने, गुरं, सांडपाणी सगळं आलं.

म्हणून उपग्रह निरुपयोगी, असं नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं उपग्रहांच्याच आधारे दिल्ली, लाहोर, मुंबई आणि ब्युनोस आयर्स इथल्या कचराभूमींतून निघणारा मिथेन मोजला होता. मुंबईची कचराभूमी दिसते कारण ती एका जागी भरभरून सोडते. बंद खाण थोडं थोडं सोडते, वेळ पाहून सोडते, आणि तिची दहा तोंडं असतात.

मामा : मग तुझं प्रारूप तारीख नसलेला नकाशा दाखवतं ते काहून? माझी हरकत तीच आहे. वायूचा नकाशा म्हणजे घड्याळाबरोबर बदलणारी गोष्ट. तू एक सरासरी काढून लाल फासलास. त्या लाल रंगाच्या खाली राहणारा माणूस उद्या बँकेत घरकर्जाला गेला तर त्याला कोण उत्तर देणार?

मला वाटलं होतं, प्रसिद्धीच्या प्रश्नावर जुना अधिकारी लपवायचं म्हणेल आणि नवी मुलगी उघड करायचं. झालं अर्धंच तसं, आणि कारणंही वेगळी निघाली.

भाची : लपवून काय मिळालं? २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं. घरातली माणसं बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी. मग आजूबाजूची घरं रिकामी केली. ती पोकळी काय त्या दिवशी तयार झाली होती? जिथे जमीन खचते तिथे भेग असते, आणि जिथे भेग असते तिथे वायूला वाट. हे दोन नकाशे वेगळे नाहीतच.

मामा : मी लपव म्हणत नाही. मी म्हणतो अंदाज छापू नको, प्लॅन छाप. अंदाजानं भीती वाढते, प्लॅननं शहाणपण येतं. तुला सांगतो, २००१ साली झारखंडातल्या बागडिगी खाणीत शेजारच्या सोडून दिलेल्या जयरामपूर खाणीचं पाणी घुसलं. २९ माणसं गेली. मधला बॅरियर पुरेसा नव्हता. जुन्या खाणीत काय कोरलं आहे हे कागदावर बरोबर नसलं की असं होतं. पाण्याला जे लागू, ते वायूलाही.

हा प्लॅनचा विषय जुना आहे. खाण सोडताना तिच्या शेवटच्या स्थितीचे प्लॅन खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, म्हणजे धनबादच्या डीजीएमएसकडे, द्यावे लागतात. पण वर्धा खोऱ्यातलं खाणकाम या नियमांहून वयानं मोठं. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंदही झाली होती. त्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, वणी असं काम पसरत गेलं, बरंचसं खासगी मालकांच्या हातून. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, पुढे नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळा पैसा ठेवण्याची सक्ती कोळसा मंत्रालयानं केली ती २००९ मध्ये. त्याआधी सोडलेल्या खाणींपैकी काहींच्या तोंडावर भिंत, काहींच्या माती, काहींच्या बाभळी.

वरोऱ्यावरून भाचीनं एक मजेशीर हिशेब दाखवला. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीनं २००६ मध्ये देशांसाठी जी मार्गदर्शक पद्धत दिली, तिच्या सर्वांत सोप्या पायरीत सोडलेल्या खाणी पंचवीस-पंचवीस वर्षांच्या कप्प्यांत टाकतात. १९०१ ते १९२५, १९२६ ते १९५०, असं पुढे. त्या कप्प्यात किती खाणी, त्यातल्या वायूच्या किती टक्के, आणि प्रत्येकीचा सरासरी वायू किती, असा गुणाकार. सुरुवातीला वायू झपाट्यानं घटतो, मग शेपूट लांबत जातं, म्हणून हे कप्पे. वरोरा पहिल्या कप्प्यात पडतो.

भाची : आणि त्या कप्प्यात वायूच्या खाणींचा टक्का शून्यापासून दहापर्यंत कुठलाही धरायची मुभा आहे. शून्य धरला तर वरोरा कागदावरून नाहीसा.

मामा : पाण्यानं भरलेला असेल तर वायूच्या हिशेबात तो नाहीसाच बरा. पण भरला आहे का, हे वरोऱ्यात जाऊन पाइप टाकून बघितल्याशिवाय तुझा कप्पा काय सांगणार?

यावर दोघांचं एकमत झालं आणि ते बराच वेळ टिकलं. पाण्याची पातळी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा पुरावा आहे. खाण पूर्ण बुडाली असेल तर वायूचा प्रश्न जवळजवळ संपतो. अर्धी बुडाली असेल तर तो वरच्या टोकाला जमा होतो. शेजारची खाण चालू असेल आणि तिचा पंप दोघींचं पाणी ओढत असेल, तर बंद खाण वर्षानुवर्षं कोरडी राहते, आणि ज्या दिवशी शेजारचा पंप बंद होईल त्या दिवसापासून साठलेला वायू वर सरकायला लागतो. तेव्हा पंप कधी थांबणार, ही तारीख सगळ्या रंगांपेक्षा जास्त सांगते. भाचीनं तिथल्या तिथे प्रारूपात पाण्याचा थर सर्वांत वर घेतला.

उरलेला वाद पैशाचा होता, तो मी लांबवत नाही. भाचीच्या मते मिथेनमुळे जगाचा पैसा या प्रश्नाकडे वळेल आणि त्या पैशात ब्लॅकडॅम्पही मोजून होईल. मामांच्या मते पैसा मिथेनसाठी आला की फक्त मिथेनची यंत्रं येतात. भारताच्या हरितगृह वायूंच्या हिशेबात भूमिगत खाणींसाठी जे गुणक वापरतात त्यात डिग्री वनला टनामागे २.९१ घनमीटर धरतात आणि डिग्री थ्रीला २३.६४, म्हणजे आठपट. मिथेनच्या मागे येणारा पैसा झरियाला थांबेल, चंद्रपूरपर्यंत पोचायचा नाही, असा मामांचा अंदाज. मला तो बरोबर वाटतो.

माझं मत सांगायचं तर मी भाचीच्या प्रारूपाच्या बाजूनं आहे, पण मामांच्या क्रमानं. आधी प्लॅन. मग त्यावर आजची घरं, विहिरी, शाळा. मग पाण्याची पातळी. मग निवडक तोंडांवर ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन मोजणारी यंत्रं, शेजारी बॅरोमीटर, किमान एक अख्खा पावसाळा. या चार गोष्टी हातात आल्यावर संगणकानं जे काढायचं ते काढावं. रंगांचा नकाशा यापूर्वी जाहीर करणं म्हणजे घुग्घुसच्या माणसाला त्याच्या घराबद्दल आपल्याला नसलेली माहिती देणं. आणि प्लॅन कपाटात ठेवणं म्हणजे असलेली माहिती न देणं. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट.

भाचीच्या प्रबंधातला नवा नकाशा आता ठिपक्यांचा आहे. इनक्लाईनची तोंडं, शाफ्ट, माहीत असलेल्या भेगा. प्रत्येक ठिपक्याजवळ ‘मोजलेलं’ किंवा ‘न मोजलेलं’ एवढंच लिहिलं आहे. मोजलेले फारच थोडे. मामा म्हणतात, हा पहिला नकाशा आहे ज्यावर ते सही करतील.

वणी, घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर, कामठी, सावनेर या भागांत तुमचं घर किंवा शेत असेल, किंवा पळस्प्यासारख्या लांबच्या गावी बसून तुम्ही तिथे प्लॉट घेत असाल, तर सातबाऱ्याबरोबर आणखी एक कागद मागा. माहिती अधिकार कायदा २००५ खाली कंपनीच्या एरिया ऑफिसला आणि डीजीएमएसला अर्ज करा, आणि त्यात तीनच प्रश्न विचारा : या गटाखाली भूमिगत काम झालं आहे का, झालं असेल तर त्याच्या शेवटच्या प्लॅनची प्रत द्या, आणि पंप कधी बंद झाले ती तारीख सांगा. उत्तर येईपर्यंत जुन्या विहिरीत किंवा बंद इनक्लाईनच्या तोंडात, विशेषतः पावसाच्या दिवसांत, हवा तपासल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नका. आणि आत उतरलेला माणूस कोसळलाच, तर त्याच्यामागे उडी टाकू नका. अग्निशमन दलाला बोलवा.